फुकटचा पॉइंट, वर केलेला हात आणि एक गुलाबी टॉवेल

परवा रविवारी सकाळी आमच्या टेनिस कोर्टावर एक पॉइंट गेला आणि त्यावरून मी दिवसभर बडबडत होतो, संध्याकाळी बायको म्हणाली, हे सगळं लिहून टाका एकदाचं, मला कशाला सांगताय, मला त्यातलं काय कळतंय. तर घ्या, लिहितोय.

सकाळचे सात. सोलापुरात मे महिन्यात सात म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको, बाटलीतलं पाणी तेव्हाच कोमट झालेलं असतं. समोर आमचे सर. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, फोरहँड असा नाहीच, नुसता स्लाईस, म्हणजे बॉल खालून कापून मारायचा. तो स्लाईस येऊन पडतो आणि उठतच नाही, पिठाच्या गिरणीतून पीठ पडावं तसा मऊ पडतो. आणि मी, वय चव्वेचाळीस, सरांपेक्षा दुप्पट जोरात मारणारा आणि दर रविवारी हरणारा. गेम पाच-पाच झालेले, चालू गेममध्ये तीस-तीस. मी लांब मारलं, सर कसेबसे पोचले, स्लाईस केला, बॉल नेटच्या वरच्या पांढऱ्या पट्टीला लागला, तिथून वर उडाला, एक क्षण वाटलं की त्यांच्याच बाजूला पडणार, आणि मग माझ्या बाजूला येऊन असा टपकला की मी बेसलाईनवरून धावायला सुरुवात करेपर्यंत त्याचे दोन टप्पे झाले होते.

सरांनी डावा हात वर केला. टीव्हीवर करतात तसा.

मला उगाच राग आला. म्हटलं, "सर, हात कशाला वर करताय? पॉइंट परत देणार हाय का?"

सर बॉल उचलत म्हणाले, "पॉइंट कशाला देऊ बे? पॉइंट माझाच हाय. फुकटचा घेतलाय, एवढं सांगालोय."

आणि सर्व्हिसला उभे राहिले. पुढचा पॉइंट मी रागात बाहेर मारला, गेम गेला, मग सेटही गेला, विषय संपला. पण डोक्यातून ते वाक्य काय जाईना.

कारण बघा, आपण लहानपणापासून जे खेळत आलो त्यात हा प्रकारच नाही. कॅरममध्ये मारायची असते काळी आणि चार कडांना आपटून राणीच पॉकेटमध्ये जाते, आपण हात वर करतो का? उलट कॉलर टाईट करतो आणि म्हणतो, "बघितला का शॉट!" समोरचा "फ्लूक हाय बे फ्लूक" म्हणून ओरडतो आणि आपण मान्य करत नाही, तोच तर खेळ आहे. गल्ली क्रिकेटात बॅटची कड लागून कीपरच्या मागे चौकार गेला तर तो लेट कट असतो. पत्त्यात चांगली पानं आली तर आपण चांगले खेळाडू, वाईट आली तर पानंच तसली. म्हणजे नशीब नेहमी समोरच्याचं आणि आपली ती अक्कल, हा आपला साधा हिशोब. टेनिसमध्ये मात्र जगातला एक नंबरचा माणूससुद्धा लाखो डॉलरच्या मॅचमध्ये नेटला लागून पॉइंट मिळाला की हात वर करतो. खरंच वाईट वाटतं का त्याला? अजिबात नाही, आतून तो खूशच असणार. तरी करतो.

आता ही नेटची पट्टी म्हणजे काय चीज आहे ते जरा सांगतो. नेट मध्यभागी ३ फूट उंच असतं आणि दोन्ही टोकांना साडेतीन फूट. म्हणजे मधून मारलं तर अर्धा फूट सूट. सर्व्हिस करताना बॉल पट्टीला लागून बरोबर चौकोनात पडला तर ती 'लेट', परत करायची, कुणाचं काही गेलं नाही. पण रॅली चालू असताना तीच पट्टी, तोच बॉल, तसाच टपकला तर पॉइंट चालू, मरा. एकाच पट्टीला दोन कायदे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा चुकीचं वाटलं होतं, आता वाटतं बरोबर आहे, रॅलीत दर वेळी थांबत बसलो तर मॅच दिवाळीपर्यंत चालेल.

आणि ते नशीबही तसं सगळ्यांना सारखं वाटलेलं नसतं. टॉपस्पिनचा बॉल पुढे गरगरत असतो, तो पट्टीला वरच्या अंगाला लागला तर गरगरीच्या जोरावर पलीकडे लोळायची शक्यता जास्त. आणि जो माणूस नेटच्या दीड-दोन फूट वरून मारतो त्याचा बॉल मुळात पट्टीला लागतोच कमी, म्हणजे त्याला फुकटचे पॉइंटही कमी आणि फुकट जाणारेही कमी. म्हणजे नशिबाच्या किती जवळ जाऊन खेळायचं हे थोडंफार तुमच्या हातात असतं. सरांचा स्लाईस पट्टीला घासूनच जातो नेहमी. मी त्यांना म्हटलंही एकदा की तुमचं नशीब लई भारी आहे, तर म्हणाले, "तीस वर्षं घासालोय, तेव्हा दोन लागत्यात."

नशिबाचा विषय निघाला की मला १४ जुलै २०१९ ची रात्र आठवते. घरात टीव्ही एक. लॉर्ड्सवर वर्ल्ड कप फायनल, इंग्लंड-न्यूझीलंड, आणि तिथून काही मैलांवर विम्बल्डनची फायनल, फेडरर-जोकोविच. भावाने टीव्ही बळकावला, मी गॅलरीत मोबाईल घेऊन बसलो, डास चावतायत, नेटवर्क मध्येच गोल गोल फिरतंय, आणि आतून दर पाच मिनिटांनी भावाची बोंब. फेडरर पाचव्या सेटमध्ये ८-७, स्वतःची सर्व्हिस, ४०-१५. दोन चॅम्पियनशिप पॉइंट. सदतीस वर्षांचा माणूस, आठवडे तीन राहिले होते अडतीसला. मी उभा राहिलो. पहिला पॉइंट फोरहँड बाहेर. दुसऱ्याला तो नेटकडे धावला आणि जोकोविचने क्रॉसकोर्ट पास मारला. मी बसलो. मग काय, १२-१२, आणि त्याच वर्षी विम्बल्डनने आणलेला नवा नियम की १२-१२ झालं की टायब्रेक (सेटचा निकाल लावणारा एक गेम), तो जोकोविचने घेतला. १३-१२. चार तास सत्तावन्न मिनिटं.

दुसऱ्या दिवशी आकडे वाचले तर फेडररने मॅचमध्ये २१८ पॉइंट जिंकलेले आणि जोकोविचने २०४. चौदा पॉइंट जास्त जिंकून माणूस हरला! भावाला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे तर त्याहून भारी झालं. झालंच होतं. शेवटच्या ओव्हरमध्ये न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो इंग्लंडच्या स्टोक्सच्या बॅटला लागून बाउंड्रीपार गेला, दोन रनांचे सहा झाले, मॅच टाय, सुपर ओव्हर टाय, आणि मग कुणी जास्त बाउंड्री मारल्या ते मोजून इंग्लंडला कप. २६ विरुद्ध १७. आणि थ्रो बॅटला लागल्यावर स्टोक्सने काय केलं? जमिनीवर पडल्या पडल्या दोन्ही हात वर. टेनिसवाल्यासारखेच. रन परत दिले का? नाही दिले, देताही येत नव्हते. पण हात वर.

मी तेव्हा फेडररवाला होतो (अजूनही आहे, माणूस रिटायर झाला म्हणून काय झालं), त्यामुळे वर्षभर मी सगळ्यांना सांगत फिरायचो की जोकोविच नशिबाने जिंकला. हे धादांत खोटं आहे, हे मला आता कबूल करावं लागतंय. त्या मॅचमध्ये तीन टायब्रेक झाले आणि तिन्ही जोकोविचने घेतले, आणि त्या तिन्हीत मिळून त्याच्याकडून सोपी म्हणावी अशी एकही चूक झाली नाही. एकही! ह्याला नशीब म्हणायचं तर मग आमच्या टॉवेलच्या लूमवरच्या ज्या कारागिराच्या हातून महिनोन्महिने धागा तुटत नाही त्यालाही नशीबवान म्हणा.

मुळात टेनिसची मोजणीच अशी आहे की सगळे पॉइंट सारख्या किमतीचे नसतात. पॉइंटांचा गेम, गेमांचा सेट, सेटांची मॅच, दर वेळी पाटी पुसली जाते. तुम्ही एक सेट ६-१ मारला काय आणि ७-६ मारला काय, खात्यात एकच. त्यामुळे तुम्ही एका सेटमध्ये ढिगाने पॉइंट गोळा करून पुढच्या दोन सेटमध्ये काठावर हरू शकता. २०१० ला विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू तीन दिवस खेळले होते, अकरा तास पाच मिनिटं, शेवटचा सेट ७०-६८, त्यातही हरलेल्या माहूने जास्त पॉइंट जिंकले होते, ५०२ विरुद्ध ४७८. आणि फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचा हिशोब सांगितला होता, १५२६ सिंगल्स मॅचमधल्या जवळजवळ ८० टक्के जिंकल्या पण पॉइंट फक्त ५४ टक्के. म्हणजे फेडरर, साक्षात फेडरर, शंभरातले सेहेचाळीस पॉइंट हरायचा. एवढ्या बारीक फरकावर सगळं उभं असेल तर तिथे एखादा नेटकॉर्ड, म्हणजे पट्टीला लागलेला बॉल, काय करू शकतो ते बघा. आणि तरीही शेवटी तीच चार-पाच नावं कपावर वर्षानुवर्षं येतात, ह्याचा अर्थ नशीब येतं-जातं आणि ते चार-पाच जण तिथेच उभे असतात.

आता जरा आपल्या गावाचं. सोलापुरात टेनिस म्हटलं की बाहेरचे लोक हसतात, त्यांना शेंगाचटणी, कडक भाकरी आणि चादरीच माहीत. पण आपल्या इथे आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) महिलांची स्पर्धा झालेली आहे, पंचवीस हजार डॉलरवाली, आणि मी दुकान भावावर टाकून दोन दिवस तिथे जाऊन बसलो होतो. टीव्हीवरचं टेनिस आणि हे टेनिस ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. इथे मुलगी स्वतःची बॅग स्वतः ओढत येते, मॅच संपली की स्वतःच बाटल्या गोळा करते, आणि हरली तर पहिला फोन रिझर्व्हेशनसाठी. मी बसलो होतो तिथून सहा-सात फुटांवर एक मुलगी खेळत होती, परदेशी, विशीची असेल नसेल. तिसरा सेट. समोरच्या आपल्या मुलीचा बॉल पट्टीला लागून तिच्या पायाशी पडला. आपल्या मुलीने रॅकेट वर केली. ही परदेशी मुलगी मागे जाळीपर्यंत चालत आली, जाळीला टॉवेल लटकवला होता त्याने तोंड झाकलं आणि टॉवेलमध्ये तोंड घालून काहीतरी बोलली, तिच्या भाषेत, दोनच शब्द. भाषा कळली नाही पण शब्द कळले. मग टॉवेल नीट घडी करून परत लटकवला आणि खेळायला गेली. ती घडी मी विसरणार नाही. मी टॉवेलच्या धंद्यातला माणूस, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचे लूम आहेत, टेरी टॉवेल निघतो, त्यामुळे माझं लक्ष आधी टॉवेलकडे जातं हे खरं. (ह्यावरून आठवलं, विम्बल्डनचे ते प्रसिद्ध टॉवेल क्रिस्टी नावाच्या इंग्लिश कंपनीचे असतात, आणि ती कंपनी २००६ पासून आपल्या वेलस्पनची, माल विणला जातो गुजरातेत वापीला. सोलापूर तेवढं राहिलं. असो.)

तिथेच मला 'लकी लूजर' हा शब्द नीट कळला. क्वालिफाईंगच्या, म्हणजे पात्रतेच्या, शेवटच्या फेरीत तुम्ही हरलात, घरी निघालात, आणि मेन ड्रॉमधल्या, म्हणजे मुख्य स्पर्धेतल्या, कुणाचा तरी पाय मुरगळला किंवा पोट बिघडलं, तर तुम्हाला परत बोलावतात. हरलेला नशीबवान. आपल्या प्रज्ञेश गुणेश्वरनचं २०२० च्या ऑस्ट्रेलियन ओपनला असंच झालं, हरूनही आत गेला, आणि ड्रॉ असा पडला की पहिली मॅच जिंकली असती तर दुसरीत थेट जोकोविच. पहिली हरला. दार नशिबाने उघडलं, आत चालायचं काम मात्र ज्याचं त्याला. उलट २०१७ ला रशियाचा रुब्लेव्ह क्रोएशियातल्या उमागमध्ये असाच लकी लूजर म्हणून आत गेला आणि स्पर्धाच जिंकून बाहेर आला.

खिलाडूवृत्तीचं म्हणाल तर मला एकच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते आणि ती अमेरिकेच्या अँडी रॉडिकची. २००५, रोम, समोर स्पेनचा वर्दास्को. रॉडिकला तीन मॅच पॉइंट. वर्दास्कोची दुसरी सर्व्हिस लाईनवाल्याने आऊट दिली, म्हणजे डबल फॉल्ट, म्हणजे मॅच संपली. लोक टाळ्या वाजवतायत, वर्दास्को हात मिळवायला नेटकडे निघाला. आणि रॉडिक म्हणतो, थांबा, बॉल आत होता. मातीच्या कोर्टावर बॉलचा ठसा उमटतो, तो ठसा त्याने दाखवला. पॉइंट वर्दास्कोला. पुढे काय झालं असेल? रॉडिक हरला. ७-६ ने पहिला जिंकलेला, दुसरा ६-७, तिसरा ४-६. नंतर त्याचं म्हणणं असं की मी काही फार मोठं केलं नाही, अंपायर खाली उतरून ठसा बघायला आला असता तर त्यालाही तेच दिसलं असतं. मला हे उत्तर त्या कृतीपेक्षाही जास्त आवडतं. आमच्याकडे कुणी एवढं केलं असतं तर चौकात डिजिटल बोर्ड लागला असता.

स्पेनच्या अल्कराझचंही तसंच आहे. २०२५ च्या फ्रेंच ओपनला बेन शेल्टनविरुद्ध त्याने झेप घेतली, रॅकेट हातातून सुटली आणि सुटलेल्या रॅकेटला लागून बॉल बरोबर पलीकडे गेला. पॉइंट त्याला मिळाला होता. त्याने स्वतः अंपायरला सांगितलं की रॅकेट हातात नव्हती, आणि नियमाप्रमाणे पॉइंट गेला. मॅच जिंकला तो, त्यामुळे ही गोष्ट सांगायला गोड वाटते. रॉडिकची सांगायला कडू, म्हणून भारी.

आणि आता हात वर करण्याचीच पण उलटी गोष्ट. २००३, फ्रेंच ओपन, सेमीफायनल, सेरेना आणि जस्टिन हेनाँ. तिसऱ्या सेटमध्ये सेरेना ४-२ ने पुढे, सर्व्हिस सेरेनाची, ३०-०. सेरेना सर्व्हिस करायला जाते तर हेनाँ हात वर करते, की थांब, मी तयार नाही. सेरेनाची सर्व्हिस नेटमध्ये. सेरेना अंपायरला म्हणाली, हिने हात दाखवला, मला पहिली सर्व्हिस परत द्या. अंपायरने पाहिलं नव्हतं. हेनाँ गप्प उभी. एक शब्द बोलली असती तर विषय मिटला असता. बोलली नाही. तिथून सेरेनाचं बिनसलं, तो गेम गेला, सेट ७-५ ने गेला, आणि हेनाँ पुढे फायनलही जिंकली. आता नियमाने हेनाँने काय चोरलं? एक सर्व्हिस. ३०-० ला एक पहिली सर्व्हिस, एवढंच. सेरेनाला मॅच जिंकायला नंतर भरपूर संधी होती हे मलाही मान्य. पण वीस वर्षं उलटली तरी हेनाँच्या बॅकहँडचं कौतुक करताना मला तो हात मध्ये येतो. तिचा बॅकहँड जगात भारी होता, हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर वाटेल मी तिच्यावर खार खाऊन आहे.

इटलीच्या सिनरचा २०२५ मधला महिनाभर मला ह्या सगळ्यात अजून नीट बसवता आलेला नाही. ८ जूनला पॅरिसमध्ये फायनल, अल्कराझविरुद्ध चौथ्या सेटमध्ये ५-३, ०-४०, तीन चॅम्पियनशिप पॉइंट, गेले. साडेपाच तासाला एक मिनिट कमी एवढी मॅच, आणि शेवटी पॉइंट मोजले तर सिनर १९३, अल्कराझ १९२. एक पॉइंट जास्त, आणि हरला. मग ७ जुलैला विम्बल्डनला समोर बल्गेरियाचा दिमित्रोव्ह. दिमित्रोव्ह ६-३, ७-५ असा दोन सेटने पुढे, तिसऱ्यात २-२, असं खेळत होता की मी जेवण सोडून बसलो होतो, आणि एक एस (समोरच्याला लागूच न देता केलेली सर्व्हिस) मारून तो छाती धरून खाली बसला. स्नायू गेला. ग्रँड स्लॅममधून दुखापतीने अर्ध्यात बाहेर पडायची त्याची ती सलग पाचवी वेळ! पाचवी! सिनर नेट ओलांडून त्याच्याकडे गेला, त्याच्याजवळ थांबला, त्याची बॅग स्वतः उचलली, आणि बाहेर येऊन सांगितलं की हा विजय मी विजय धरत नाही. सहा दिवसांनी तोच सिनर फायनलमध्ये अल्कराझला चार सेटमध्ये हरवून विम्बल्डन जिंकला.

माझा भाऊ म्हणतो, बघ, पॅरिसला गेलं ते लंडनला मिळालं, वर हिशोब चुकता होतो. मला ह्याचा संताप येतो. सिनरचं चुकतं झालं, मान्य, पण दिमित्रोव्हचं काय? त्याने कुणाचं घेतलं होतं? हे म्हणजे एका गिऱ्हाईकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यातून वळती करून घेतल्यासारखं आहे, असा जमाखर्च मांडला तर आमचा सीए मला हाकलून देईल.

आता खरं बोलायचं तर हे सगळं लिहायचं कारण सर नाहीत, फेडरर नाही, सिनर नाही. कारण मी आहे.

तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका हौशी स्पर्धेत मी डबल्स खेळलो. अशा स्पर्धेत अंपायर नसतो, ज्याच्या बाजूला बॉल पडला त्याने कॉल द्यायचा, आणि नियम असा की शंका असेल तर बॉल आत धरायचा. शंकेचा फायदा समोरच्याला. सिमेंटचं कोर्ट, त्यामुळे ठसा-बिसा काही नाही. टायब्रेक, ६-५, मॅच पॉइंट आमचा. समोरच्या गृहस्थांनी, पन्नाशीचे असतील, माझ्या बाजूला लाईनजवळ एक मारला. मी वळलो, बॉल पडला, आणि माझ्या तोंडातून "आऊट" निघालं. डोळ्यांनी बघायच्या आधी तोंडाने बघितलं. ते गृहस्थ नेटपाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "शुअर?" एवढंच. मी म्हटलं, "शुअर." माझा पार्टनर तेव्हा बुटाची लेस बांधायला खाली वाकला, लेस सुटली नव्हती त्याची.

बक्षीस समारंभ झाला. सोलापूर म्हटल्यावर बक्षीस काय असणार, टॉवेल-टोपी, नारळ आणि एक छोटी ढाल. ढाल शोकेसमध्ये गेली. टॉवेल मी कपाटात वरच्या फळीवर ठेवला, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, राणी रंगाचा, काठाला जरीसारखी पट्टी. घरात टॉवेलचा धंदा, रोज नवीन सॅम्पल घरी येतं, त्यामुळे तो तिथे का पडून आहे हे कुणी विचारलं नाही. मला मात्र कपाट उघडलं की दिसायचा.

तर परवाच्या त्या रविवारी, सरांचं ते "फुकटचा घेतलाय" डोक्यात घेऊन घरी येताना सात रस्त्याला चहाला थांबलो, आणि ते गृहस्थ तिथे उभे. तीन वर्षांत एकदाही समोर आले नव्हते. ओळख दिली, हवापाण्याचं बोललो, ऊन किती, उजनी धरणात पाणी किती, नळाच्या पाण्याची पाळी आता किती दिवसांनी येणार. मग मी म्हणून टाकलं. म्हटलं, "साहेब, तो शेवटचा बॉल. मला नीट दिसला नव्हता ओ."

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकर मारली.

"आत होता की," ते म्हणाले. "चांगला चार बोटं आत होता."

मी काय बोलणार.

"पण त्याच्या आधी मीबी तुमचा एक घेतला होता," बशी तोंडाला लावत ते म्हणाले. "दुसऱ्या सेटला. तुम्ही काय विचारलं नाही, म्हणून मी काय बोललो नाही."

हसले, माझ्याही चहाचे पैसे त्यांनीच दिले, आणि गाडीला किक मारून गेले. कुठला बॉल ते विचारायचं राहिलंच. मी आता दोन रात्री झाल्या अख्खा दुसरा सेट आठवत पडतोय, ३-२ ला माझा एक बॅकहँड डाऊन द लाईन गेला होता तो असेल का, का ४-४ चा लॉब. लॉब असेल तर मी त्यांना सोडणार नाही, तो लॉब आयुष्यात एकदाच बसला होता.

टॉवेल काल वापरायला काढला. रंग पक्का नव्हता, पहिल्याच धुण्यात सुटला आणि माझ्या खेळायच्या दोन्ही पांढऱ्या बनियन गुलाबी झाल्या. आमच्याकडचा माल नव्हता तो, एवढं सांगून ठेवतो.